बुरखाधाऱ्याची नवी पटकथा: गोव्यातलं एक प्रकरण

या प्रकरणात मी पटकथा सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होतो. गावाचं, नाटकाचं आणि माणसांची नावं वगळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे फसले, ते मात्र जसंच्या तसं लिहितो आहे.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात मराठी नाटक होतं. गोवा मुक्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी तिथल्या एका शाळामास्तरांनी या जत्रेसाठी एक रहस्यप्रधान नाटक लिहिलं. नायक दिवसा गावचा भाटकार म्हणजे जमीनदार, सुपारी चघळत पडवीत बसणारा, थोडा आळशी. रात्री काळा बुरखा चढवून तो खाडीत सोनं उतरवणाऱ्या टोळीच्या मागे लागतो. चोरट्या सोन्याची तेव्हा घरोघर चर्चा असायची. 1968 साली सुवर्ण नियंत्रण कायदा आला, 1990 साली तो रद्द झाला, आणि नाटकातला खलनायकही त्याबरोबर जुना झाला.

मास्तरांनी संहिता पोर्तुगीज छपाईच्या जमाखर्चाच्या वहीत लिहिली आहे. समासात बारीक अक्षरात "इथे पेटी", "बत्ती कमी", "गडी पडतो, लोक हसतील" अशा सूचना. बुरखाही अजून आहे. छत्रीच्या काळ्या कापडाचा, डामराच्या गोळ्यांचा वास मारणारा. डोळ्यांची भोकं आधी इतकी लहान होती की पहिल्याच प्रयोगात नटाला पायरी दिसली नाही आणि तो पेटीवाल्याच्या अंगावर कोसळला. मग गावच्या शिंप्याने मध्यंतरातच भोकं मोठी करून कडांना काजाचे टाके घातले. घाईत डावं भोक उजव्यापेक्षा बोटभर वर गेलं. त्यामुळे बुरखा घातलेल्या नटाला मान किंचित उजवीकडे कलती ठेवूनच बघावं लागायचं. पुढे नट बदलले, पण ती कलती मान तशीच राहिली. गावातली पोरं बुरखाधाऱ्याची नक्कल करायची ती मान वाकडी करूनच.

अशा नायकांचं कुळ जुनं आहे. जॉन्स्टन मॅकली यांचा झोरो 1919 सालचा, तोही दिवसा बड्या घरचा ऐतखाऊ मुलगा. 1936 साली अमेरिकन रेडिओवर आलेला ग्रीन हॉर्नेट दिवसा वर्तमानपत्राचा मालक. त्याच वर्षी ली फॉक यांचा फँटम चित्रपट्टीत आला. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे पोचला आणि मराठीत त्याचं नाव झालं वेताळ. मास्तरांनी यातलं काय वाचलं होतं, हे वहीवरून कळत नाही. पण एक योगायोग मला फार आवडतो. झोरोच्या पहिल्या कथेत शेवटी मुखवटा सगळ्यांसमोर उतरतो आणि कथा संपते. लोकांना तो पुन्हा हवा झाला, तेव्हा मॅकलींनी पुढच्या कथांत ते उघडं पडणं विसरून त्याला परत मुखवटा दिला. मास्तरांच्या नाटकातही शेवटी बुरखा उतरतो. दुसऱ्या वर्षी गावाने नवा भाग मागितला, आणि मास्तरांनी शेवटचं पान सरळ फाडून टाकलं. वहीत त्या पानाचा खालचा कोपरा तेवढा शिल्लक आहे.

अडचण

2023 साली मास्तरांचा नातू, त्याचा दिग्दर्शक मित्र आणि एक छोटा निर्माता माझ्याकडे आले. नाटकाचा चित्रपट करायचा होता, "आजच्या प्रेक्षकांसाठी". पहिला खर्डा तयार होता. नायक बंगळूरहून परतलेला संगणकतज्ज्ञ, अंगात चामडी पोशाख, पायात बूट, शत्रू अमली पदार्थांचा दलाल. आणलेला सगळा मालमसाला दुसऱ्यांच्या घरचा होता, पण ते त्या दिवशी कोणी बोललं नाही, मीही नाही.

निर्मात्याने समजूतदारपणे आधी बारा मिनिटांची चाचणी चित्रफीत करायला लावली. ती गावातल्याच सभागृहात चाळीसेक लोकांना दाखवली. तरुण पोरांनी मारामारीला शिट्ट्या मारल्या. पण बुरखाधारी पहिल्यांदा गावात शिरतो आणि कोणीच त्याला ओळखत नाही, तिथे मागून हसू फुटलं. हसणारी माणसं खट्याळ नव्हती. त्यांना ते खरंच पटत नव्हतं. ज्या गावात अंधारात खोकल्यावरून माणूस कळतो, तिथे डोळ्यांवर कापड बांधून कोण लपणार?

चर्चेत एक वयस्क बाई म्हणाल्या, "तो कोण तें आमकां खबर आसा. पूण सांगचें कित्याक?" तो कोण ते आम्हाला माहीत आहे, पण सांगायचं कशाला. पुढच्या वर्षभराचं काम या एका वाक्यातून निघालं. त्या रात्री मात्र आम्ही ते गंमत म्हणून वहीत टिपलं आणि जेवायला गेलो.

दुसरा आक्षेप एका निवृत्त शिक्षकाने घेतला: "भाटकार आमचा तारणहार? ते कधी?" 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा), 1976 ची कसणाऱ्याला जमीन देणारी दुरुस्ती, हे सगळं ज्यांच्या घरात घडलं ते लोक समोर बसले होते. मास्तरांच्या काळी नायक बडा माणूस असणं नाटकात खपून गेलं. आता तेच लोक, त्यांचीच मुलं, वेगळ्या जागेवर उभी आहेत. नायकाच्या गड्याचीही तीच गोष्ट. नाटकात तो मार खातो, घाबरतो, पडतो. "लोक हसतील" ही सूचना वाचताना माझा घसा दाटला.

समोरचे पर्याय

आम्ही तीन-चार वाटा तपासल्या, आणि जगात त्या वाटेने गेलेल्यांचं काय झालं तेही पाहिलं.

नाटक आहे त्याच काळात ठेवायचं, ही पहिली वाट. 'द शॅडो' (1994) आणि 'द फँटम' (1996) हे दोन्ही हॉलिवूडपट 1930 च्या दशकातच राहिले. देखणे होते, तिकीटबारीवर मात्र पडले. आमच्याकडे तर साठ सालची गाडी भाड्याने आणायलाही पैसे नव्हते. दुसरी वाट विनोदाची. 2011 सालच्या 'द ग्रीन हॉर्नेट'ने ती धरली. दिग्दर्शकाला ही वाट मोहात पाडत होती, कारण सभागृहात लोक हसलेच होते. मी इथे ठाम विरोध केला. गावाचं हसू हे नायकाची टवाळी करायला दिलेलं परवानापत्र नव्हतं. ती माणसं बुरखाधाऱ्यावर जीव लावून होती.

तिसरी वाट वारशाची. 1998 च्या 'द मास्क ऑफ झोरो'मध्ये म्हातारा झोरो आपला मुखवटा एका चोराच्या हाती देतो, त्याला घडवतो. जुन्या प्रेक्षकाला त्याचा माणूस मिळतो, नव्याला त्याचा. फँटमचा तर पायाच हा: बापाकडून मुलाकडे, एकवीस पिढ्या. वारसा घ्यायचा हे लवकर ठरलं. कोणाकडून कोणाकडे, यावर दोन महिने गेले.

पहिला निर्णय: बुरखा कोणाकडे जातो

निर्मात्याचं उत्तर तयार होतं: भाटकाराचा लंडनहून परतलेला नातू. हा माणूस गोव्यात खरोखर भेटतो, त्यामुळे ते सोयीचंही होतं. पण मग निवृत्त शिक्षकाचा प्रश्न तसाच राहत होता.

उत्तर मास्तरांच्या मुलीकडून आलं. तिला सगळे आत्या म्हणतात. वही आणि बुरखा तिच्याच ट्रंकेत होते. एका दुपारी नातवाने सहज विचारलं, "आत्या, बुरखाधारी नेहमी एकच नट करायचा का गो?" ती म्हणाली, "एक वर्ष त्याला ताप आला. मग गड्याचं काम करणाऱ्यानंच बुरखा घातला. गड्याचे प्रवेश बाबांनी ऐन वेळी कापले. मान तशीच कलती, आवाज तसाच. लोकांना कळलं होतं. टाळ्या जास्तच पडल्या."

आम्ही तिघे गप्प बसलो. मग दिग्दर्शकाने वही पुढे ओढून लिहायला घेतलं: भाटकाराच्या नावावर गाजलेल्या कित्येक रात्री मुळात गड्याने गाजवल्या होत्या. बुरखा त्याच्याच घरात राहिला. आता तो त्याच्या नातीकडे येतो.

ग्रीन हॉर्नेटच्या बाबतीत असंच काहीसं पडद्याबाहेर घडलं. 1966 च्या मालिकेत साथीदार केटोचं काम ब्रूस ली करत होता, आणि हाँगकाँगमध्ये ती केटोची मालिका म्हणूनच ओळखली गेली. साथीदारात इतका जीव असतो, हे लेखकाआधी प्रेक्षकाला कळतं.

आमच्या गड्याला आम्ही पाडेली केलं, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. हा माणूस प्रत्येकाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत जातो, वरून सगळं गाव बघतो, आणि कोणता माड कोणाच्या हद्दीत हे त्याला मामलेदार कचेरीपेक्षा आधी ठाऊक असतं.

दुसरा निर्णय: शत्रूच्या हातात काय

अमली पदार्थांचा दलाल आम्ही पहिल्याच बैठकीत काढला. गोवा म्हटलं की बाहेरच्या चित्रपटांना तेवढंच सुचतं. गावातल्या लोकांची झोप उडवणारी गोष्ट निराळी होती. मालक वारलेले किंवा परदेशी गेलेले, बंद पडलेलं घर, आणि एक दिवस कोणीतरी पोर्तुगीज काळातला म्हणून एक बनावट दस्त पुढे करतो, त्याच्या जोरावर एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर नाव चढवून घेतो, जमीन तिसऱ्यालाच विकतो. अशी प्रकरणं इतकी वाढली की जून 2022 मध्ये सरकारला त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं. त्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला हे कळतं ते कुंपणाचे खांब उतरतात तेव्हा.

शत्रू मिळाला, आणि लगेच कथा अडकली. बुक्कीने सोन्याची पेटी परत आणता येते. कागदाला बुक्की कुठे मारणार? दुसऱ्या खर्ड्यात नायिका रात्री खलनायकाच्या कपाटातून तो दस्त चोरते आणि जाळते. नाटकात नकाशा चोरायचा प्रवेश होता, त्याचंच हे नवं रूप. वाचनाला एक वकील बाई आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या नायिकेने खलनायकाचं काम करून टाकलं. बनावट मूळ कागद हाच तर पुरावा. तो गेला की तपासणार काय? नोंद आहे तिथेच राहील."

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा क्षण. आम्ही प्रवेश उलटा केला. तपास सुरू झाल्याचं कळताच खलनायक दस्त नष्ट करायला निघतो, आणि बुरखाधारी रात्रभर त्या कागदाची राखण करते. ज्या कागदाने तिचं घर जाणार, तोच कागद तिला जपायचा आहे. मारामारी राहिली, शिट्ट्याही राहिल्या, पण प्रत्येक बुक्कीमागे आता कारण होतं.

दस्त खोटा असल्याचा पहिला संशय कोणाला येतो, तेही मग सापडलं. दस्तावर मुक्तीपूर्वीची तारीख आहे आणि उत्तरेची हद्द म्हणून माडांची रांग लिहिली आहे. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला साधारण बारा ते चौदा झावळ्या येतात, आणि प्रत्येक झावळी गळताना खोडावर वळ सोडते. म्हातारा पाडेली खोडावरून हात फिरवत वळ मोजतो. शेवटी म्हणतो, हे माड मीच लावलेत, मुलीच्या बारशाच्या वर्षी. म्हणजे दस्ताच्या तारखेनंतर. कोर्टात एवढ्यावर निकाल लागत नाही, हे वकील बाईंनी बजावलं. म्हणून पुढे शाई आणि शिक्क्यांची तपासणी येते. पण पडद्यावर लोकांचा श्वास अडकतो तो त्या खोडावर फिरणाऱ्या हातापाशी.

तिसरा निर्णय: लपणं

चाचणीच्या रात्रीच्या त्या वयस्क बाईंचं वाक्य आम्ही इथे परत काढलं. गावाला ती कोण हे माहीत आहे. दुकानदाराला माहीत आहे, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला माहीत आहे, पंचालाही माहीत आहे. पोलीस चौकशीला येतात तेव्हा एकेक जण "काळोख होता" म्हणतो. बुरख्याने तिचं तोंड झाकत नाही. गाव आपलं तोंड मिटतं. गोव्याला हे नवं नाही. गावाचा राखणदार देव रात्री फेरी मारतो, त्याला कोणी हाक मारत नाही, मागे वळून बघत नाही. काही गावांत वेताळ या ग्रामदेवाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर चालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. दिग्दर्शकाने बूट रद्द केले. नायिकेच्या पायात आजोबांच्या वहाणा आल्या, तिला दोन बोटं मोठ्या. त्यांची करकर ऐकू आली की घरोघर दिवे विझतात.

देवाचा आणि बुरख्याचा संबंध संवादातून कुठेही जोडायचा नाही, यावर मी अडून बसलो. ज्याला करकर कळेल त्याला कळेल.

भाषा आणि आवाज

गोव्यात आमची घरची बोली कोंकणी, नाटक-कीर्तनाची भाषा मराठी. पहिल्या खर्ड्यात सगळेच पुण्याच्या मराठीत बोलत होते. शेवटी ठरलं की नायिका उघड्या चेहऱ्याने कोंकणी बोलेल, आणि बुरखा चढला की मास्तरांच्या वहीतलं ठसठशीत नाटकी मराठी. "थांब! या मातीला मालक आहे" हे वाक्य वहीतून जसंच्या तसं घेतलं. तीच नाटकी भाषा आता बुरख्याचा भाग झाल्यावर अंगावर आली.

तांत्रिक बाजूने मात्र आम्ही कच्चे होतो. तोंडावर कापड असलं की शब्द घोगरे आणि बसके येतात. जागेवर घेतलेला बुरख्यातला जवळजवळ सगळा आवाज फुकट गेला, नंतर स्टुडिओत पुन्हा बोलवून घ्यावा लागला.

हक्कांचा गुंता

हा भाग थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. मास्तर गेले 1990 च्या दशकात. नातवाचा होकार म्हणजे घराचा होकार, असं धरून आम्ही पुढे गेलो होतो. वारस तीन होते, आणि आत्याची सही नव्हती. तिला तिसरा खर्डा वाचायला मिळाला, तो चित्रीकरणाला तीन आठवडे असताना. तिने विचारलं, "माझ्या बापाचा नायक कुठे गेला?" काम थांबलं. दिग्दर्शक तिच्यापुढे बसून अख्खी पटकथा दोन दिवस मोठ्याने वाचत राहिला. तिने दोन अटी घातल्या: भाटकाराला भित्रा दाखवायचं नाही, आणि खरा बुरखा चित्रीकरणात वापरायचा नाही, नक्कल करून घ्यायची. दोन्ही मान्य केल्या. करारात मुदत आणि प्रदेशही स्पष्ट लिहिला, कारण तो लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो.

तिच्या पहिल्या अटीने पटकथा सुधारली. भाटकार आता गड्याला बुरखा घालू देतो ते भीतीपोटी नव्हे. स्वतःचा गुडघा निकामी झाल्यावर गावाची फेरी चुकू नये म्हणून. श्रेय मात्र तो परत करत नाही. माणूस एवढा चांगला आणि एवढा कमी, दोन्ही असू शकतो.

परिणाम

चित्रपट पूर्ण झाला. पहिला खेळ त्याच सभागृहात झाला. नायिका मान उजवीकडे कलती करते त्या क्षणी मागच्या रांगांतून "अरे!" असा एकच आवाज आला, आणि नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. गोव्याबाहेरच्या प्रेक्षकांना ती मान कळली नाही, तिथे सुरुवातीला नाटकाचा छोटा प्रसंग घालावा लागला. निर्मात्याचे पैसे अजून पूर्ण सुटलेले नाहीत. कोंकणी-मराठी मिश्र भाषेमुळे वितरकांनी हात आखडता घेतला, आणि तो धोका आम्ही जाणून पत्करला होता.

वेगळं काय करता आलं असतं

आत्याकडे पहिल्या दिवशी जायला हवं होतं. सहीचा मुद्दा आहेच, पण गड्याने बुरखा घातल्याची गोष्ट तिच्याकडे होती आणि आम्ही दोन महिने हवेत डोकं आपटत होतो. चाचणीची चित्रफीत मारामारीपासून सुरू केली, ही दुसरी चूक. तेवढ्याच खर्चात गावात नुसतं वाचन चार वेळा झालं असतं. बुरख्याचं कापड ध्वनिमुद्रकाला दाखवून निवडलं असतं, तर स्टुडिओचे आठ दिवस वाचले असते.

आणि एक गोष्ट पहिल्या खेळानंतर कळली. एक खरा पाडेली पुढे आला, नट माडावर चढतो त्या प्रवेशाबद्दल म्हणाला, "पायातलं दोरीचं कडं त्यानं घोट्यावर घातलंय. असा चढला तर अर्ध्यावरच सुटेल." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने खिशातून आपलं कडं काढून तिथेच दाखवलं, तळव्याशी कसं बसतं ते. पटकथेतलं सगळ्यांत महत्त्वाचं माणूस पाडेली होतं, आणि वर्षभरात आम्ही एकाही पाडेल्याला वाचनाला बोलावलं नव्हतं. गावाने आता पुढचा भाग मागितला आहे. त्याच्या पहिल्या वाचनाचं बोलावणं त्याला गेलं आहे. पावसाच्या आधीचा पाड उरकला की येतो म्हणाला.